देव्हाऱ्यापुढे हात जोडवत नाहीत तेव्हा

घरातलं माणूस अचानक गेलं की पहिले दहा-बारा दिवस देवाचा प्रश्न निघतच नाही. सुतक असतं, पूजा बंद असते, माणसांची ये-जा असते, मृत्यूच्या दाखल्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंत कागद शोधायचे असतात. खरी अडचण येते चौदाव्या दिवशी. तेरावं आटोपून पाहुणे गेलेले असतात. जाता जाता कुणीतरी वडीलधारं सांगून गेलेलं असतं, 'उद्यापासून देवाला दिवा लावा.' आणि काडेपेटी हातात घेतलेल्या माणसाला कळतं की आपल्याला तो लावायचाच नाही. कंटाळा नसतो, विसरही नसतो. समोरच्या टाकांकडे बघून राग येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच वाटत नाही.

हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. वाचून, वाद घालून, विचार करून नास्तिक झालेल्यांचा रस्ता वेगळा असतो. बहुतेकांना तो मोकळं करणारा वाटतो. इथे प्रश्न आहे तो मुलाच्या अपघातानंतर, तरुण बायकोच्या कॅन्सरनंतर, बलात्कारानंतर, भूकंप किंवा दरड कोसळल्यानंतर ज्यांची श्रद्धा त्यांना न विचारता निघून गेली त्यांचा. त्यांना देवाकडे परत न्यायचं माझ्या मनात नाही. देवापासून सोडवायचंही नाही. तो निर्णय ज्याचा त्यानं करायचा आहे, आणि माझा एकच आग्रह आहे की त्याची घाई करू नये.

मोडतं ते नेमकं काय? रॉनी जानॉफ-बुलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघात सोसलेल्या माणसांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते आपण सगळे तीन गोष्टी गृहीत धरून जगत असतो: जग एकंदरीत भलं आहे, घडतं त्याला काही अर्थ असतो, आणि मी बरा माणूस आहे. मोठा आघात या तिन्ही गोष्टींना एकदम तडा देतो. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी देव्हाऱ्यातच ठेवलेल्या असतात. मी संकष्टी मोडली नाही, वारी चुकवली नाही, कुणाच्या पैशाला हात लावला नाही, तेव्हा माझ्या लेकराला काही होणार नाही, हा हिशेब कुणी शिकवलेला नसतो, पण पक्का असतो. नवस बोलणं आणि फेडणं यात तर तो उघडच असतो. आघातानंतर बऱ्याचदा आधी मोडतो तो हा हिशेब. त्यापलीकडे देव म्हणून काही होतं का, आहे का, हे त्या धुरळ्यात दिसणं शक्य नसतं. म्हणून पहिल्या वर्षात 'मी आता नास्तिक' किंवा 'माझी श्रद्धा अढळ' यातला कोणताही निकाल स्वतःवर लादू नका.

पंडिता रमाबाईंनी याबद्दल जितकं उघडपणे लिहिलं तितकं आपल्याकडे फार थोड्यांनी लिहिलं असेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगणारं. १८७४ पासूनच्या दुष्काळात हातचं सगळं संपलं. शास्त्रात सांगितलं तसं स्नान, दान, अनुष्ठान, मूर्तीपुढे दिवसच्या दिवस बसणं, सगळं केलं. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत राहिले. झेलम नदीकाठी थंडीतून वाचायला वाळूत खड्डे करून त्यात अंग पुरून घेत. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी रमाबाईंना गौरवलं, आणि त्याच काळात जुनी श्रद्धा आतून संपत आलेली होती. सगळ्या अटी पाळल्या आणि देव काही प्रसन्न झाले नाहीत, असं त्यांनी नंतर सरळ लिहून ठेवलं.

पुढची पानं आपण भरभर उलटतो, पण मला त्यांतल्या तारखा महत्त्वाच्या वाटतात. भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, आणि तो घेतल्यावरही तिथल्या धर्मगुरूंशी, आपली काळजी घेणाऱ्या सिस्टर जेराल्डीनशी त्या मुद्द्यामुद्द्यावर भांडत होत्या. १९०७ च्या आत्मकथनात त्या म्हणतात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ते कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. म्हणजे दुष्काळ सुरू झाल्यापासून मन ठरेपर्यंत सतरा वर्षं. त्यांचा शेवटचा मुक्काम कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण रमाबाईंच्या बुद्धीच्या माणसाला जर इतका वेळ लागला, तर तुमच्या नणंदेनं तुम्हाला वर्षश्राद्धापर्यंतची मुदत द्यावी हे जरा जास्तच आहे.

आणि अशाच दुष्काळातून निघालेला रस्ता दुसरीकडेही जातो. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. ते विठ्ठलाकडे वळले, देहूचं पडकं देऊळ त्यांनी सावरलं. त्याच घरात त्यांची धाकटी बायको जिजाई होती, आपण जिला आवली म्हणतो. संसार उपाशी ठेवणाऱ्या त्या काळ्या देवाला ती शिव्या घालत राहिली, असं परंपरा सांगते. एका घरात दोन टोकं, आणि तरी घर एकच. ज्या जोडप्यांत मूल गेल्यावर एक जण जपमाळ धरतो आणि दुसऱ्याला तिचा आवाजही सोसत नाही, त्यांनी देहूचं ते घर आठवावं. त्यांनी एकमेकांना आपल्या बाजूला ओढायची गरज नाही. जप दुसऱ्या खोलीत होऊ शकतो.

देव्हाऱ्याचं काय करायचं

आता रोजच्या व्यवहाराकडे. पूजा करवत नसेल तर करू नका, पण मूर्ती आणि टाक नदीत सोडून येऊ नका किंवा कुणाला देऊन टाकू नका. कुळाचे देव बहुधा तुमच्या एकट्याचे नसतात. सासूच्या सासूनं पुजलेले टाक रागाच्या भरात गेले तर पुढे त्याचं वेगळं दुःख होतं आणि भाऊबंदांशी भांडण होतं ते निराळंच. स्वच्छ कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवता येतात. दीर-जाऊ, पुतण्या, कुणीही काही महिने पूजा सांभाळू शकतो. विचारणाऱ्याला उत्तर एवढंच द्या: 'सध्या मी पूजा करत नाही.' त्यातल्या 'सध्या'नं वाद पुष्कळ कमी होतात आणि तुम्ही खोटंही बोललेले नसता.

याच काळात नवे नवसही बोलू नका. उरलेल्या मुलासाठी अनवाणी चालण्याचा किंवा आयुष्यभर मीठ सोडण्याचा संकल्प दुःखाच्या भरात होतो आणि मग वर्षानुवर्षं गळ्यात राहतो.

एक गोष्ट मात्र लोक बोलत नाहीत, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. श्रद्धा जाते आणि भीती तशीच राहते. देवावर विश्वास उरलेला नसतो, पण दिवा लावला नाही तर धाकट्याला काही होईल, ही धास्ती जात नाही. अशी माणसं रोज संध्याकाळी रागानं दिवा लावतात आणि स्वतःला ढोंगी म्हणतात. हे ढोंग नाही. आघातानंतर मन पुढचा आघात शोधत असतं, फोन वाजला की दचकतं, आणि या भीतीला दिव्याचं निमित्त सापडतं. दिवा लावायचा तर लावा. पण ही भीती घरातल्या एकाला तरी मोठ्यानं सांगा. सांगितल्यावर ती जरा आवाक्यात येते. आणि दिवा एकदाच्या जागी तीनदा लावणं, वात सरळ आहे का हे दहादा तपासणं, झोपेतून उठून पुन्हा बघणं असं सुरू झालं, तर तो श्रद्धेचा प्रश्न राहिलेला नसतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो, आणि त्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो.

रागाचं म्हणाल तर येऊ द्या. आपली परंपरा या बाबतीत जेवढी मोकळी आहे तेवढे आपले नातेवाईक नाहीत. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला ऐकवते, की विधाता माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं खेळवतो, आईबापासारखं वागवत नाही. युधिष्ठिर त्याला नास्तिक्य म्हणतो. ती पुढे सांगते की मी दुःखानं पोळून बोलते आहे. व्यासांनी तिचं बोलणं गाळलेलं नाही. जनाबाई विठ्ठलावर चिडते, चोखोबांचा मुलगा कर्ममेळा देवाला आपल्या जातीच्या हालांचा जाब विचारतो, आणि ती रचना वारकऱ्यांनीच जपून ठेवली आहे. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, गुरंढोरं जातात, अंगभर फोड येतात, आणि तो देवाला न्यायालयात खेचायची भाषा करतो. तुम्हाला बोलवत नसेल तर लिहा, देवाच्या नावानं, हवं ते. लिहिलेलं ठेवा किंवा फाडा.

लोकांची बोलणी

ईयोबाच्या गोष्टीत भेटायला आलेले तीन मित्र आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक अक्षर न बोलता. मित्र म्हणून त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं काम. त्यानंतर ते तोंड उघडतात आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार हे समजावत सुटतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकानं निघण्यापूर्वी हे आठवावं.

कारण आपली ठरलेली वाक्यं भयंकर आहेत. 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.' 'देव परीक्षा बघतो.' 'त्याची शिदोरी संपली.' आणि सगळ्यात क्रूर, 'गेल्या जन्मीचं काहीतरी असेल.' बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसतं. त्याला समोरचं दुःख सोसवत नसतं, म्हणून तो घाईघाईनं कारण देऊन मोकळा होतो. पण सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झालेल्या आईपुढे गेल्या जन्मीचा विषय काढणं म्हणजे त्या पोरीलाच गुन्हेगार ठरवणं आहे, आणि मला त्यात कोणतंही तत्त्वज्ञान दिसत नाही. ऐकणाऱ्यानं वाद घालू नये. तेवढी ताकद नसते. 'मला आत्ता हे ऐकवत नाही, तुम्ही नुसतं बसा' एवढं म्हणावं. तेही जमत नसेल तर घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवावं की असा विषय निघाला की मध्ये पड.

दुसऱ्या बाजूनेही एक वाक्य येतं. 'आता तरी पटलं ना, देवबिव काही नाही?' हे म्हणणारे स्वतःला विवेकी समजतात. एखाद्याच्या चितेवर स्वतःचा वाद जिंकायचा यात विवेक कुठे आला?

मग येतात ते विक्रेते. पितृदोष, वास्तुदोष, कालसर्प, अपूर्ण राहिलेला कुलाचार. पत्रिका उघडली की काही ना काही निघतंच. श्रद्धा मोडलेला माणूस यांच्या हाती सापडणार नाही असं वाटतं, पण उलटं होतं: हिशेब मोडल्यावर नवा हिशेब देणारा कुणीही बरा वाटतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावानं मारहाण, चमत्काराच्या नावानं फसवणूक अशा ठरावीक प्रकारांना लागतो. पन्नास हजारांच्या शांतीपासून कायदा तुम्हाला वाचवणार नाही. वर्षभर धार्मिक कारणासाठी मोठी रक्कम एकट्यानं ठरवून द्यायची नाही, घरातल्या दोघांची संमती लागेल, असा घरचाच नियम करा. विम्याचे किंवा नुकसानभरपाईचे पैसे आलेले असतील तर हा नियम दुप्पट कडक हवा.

'का' या प्रश्नाचे दोन भाग

'हे का झालं?' हे विचारणं थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. पण त्यात दोन प्रश्न एकत्र झालेले असतात आणि ते वेगळे केले तर एकाला उत्तर मिळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना, किल्लारी-सास्तूर भागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या रात्री ज्याची मिरवणूक काढली त्या देवानं आपल्याला का गाडलं, या प्रश्नाला भूगर्भशास्त्राकडे उत्तर नाही. पण माणसं इतकी का मेली, याला आहे: जाड दगडी भिंती, मातीचा सांधा, वर मातीचा जड धाबा. हादरा बसला आणि घरंच झोपलेल्यांवर आली. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे भाविक गेले ते देवीच्या दारातच. तिथेही अरुंद वाट, गर्दी, निसरडे दगड यांचा हिशेब मांडता येतो.

हे कळून दुःख कमी होत नाही. होतं ते असं, की 'माझ्या पापामुळे' ही जागा भरली जाते. म्हणून डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जा, फाईल घेऊन, आणि नेमकं काय झालं ते सोप्या भाषेत विचारा. अपघात असेल तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल समजून घ्या. एकट्यानं वाचू नका, सोबत कुणी असू द्या. 'मी आदल्या दिवशी उपास मोडला म्हणून' असं मनात रुतून बसलेलं असेल तर या कागदांचा त्याला थोडा तरी उतारा मिळतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. 'देवबाप्पाला बाबा आवडले म्हणून त्यानं नेलं' हे सांगायला सोपं असतं. मुलाला त्यातून कळतं ते असं: देव आवडत्या माणसांना उचलून नेतो, आणि मी चांगला वागलो तर मलाही नेईल, किंवा आईला. काही मुलं यानंतर झोपायला घाबरतात, देवळात जायला नकार देतात. बाबांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ते परत येणार नाहीत, हे त्याच्या वयाच्या शब्दांत सांगा. 'मग देवानं का नाही वाचवलं?' असं त्यानं विचारलं आणि तुम्हाला उत्तर माहीत नसेल, तर 'मलाही माहीत नाही, मलाही राग आलाय' हे चालतं. आजी त्याला देवाची गोष्ट सांगत असेल तर तिला थांबवू नका; त्यात शिक्षा आणि परीक्षा येऊ नये एवढं बघा.

मदत कधी घ्यायची? श्रद्धा जाणं हा आजार नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या १९९४ च्या आवृत्तीत श्रद्धा हरवणं, तिच्याबद्दल शंका येणं याची नोंद आली ती आजार म्हणून नाही, उपचाराच्या खोलीत बोलण्याजोगा प्रश्न म्हणून. पण हा झगडा अंगावर येतो हेही खरं. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या जवळपास सहाशे रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवानं मला टाकलं, त्याचं माझ्यावर प्रेम नाही, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. हा अभ्यास नास्तिकांबद्दल नाही, हे लक्षात घ्या. ज्यांचं देवाशी भांडण चालू होतं, त्यांच्याबद्दल आहे.

महिना उलटला तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामावर जाता येत नाही, दारू वाढते आहे, किंवा 'मीही त्याच्याकडे जावं' असं वाटतं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत आहे. मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात न्या. समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत विचारा: मी देवाबद्दल काहीही बोललो तर चालेल ना? जो तुम्हाला नामस्मरणाला लावतो तो आणि जो श्रद्धेवर हसतो तो, दोघांनाही नमस्कार करून दुसरा शोधा.

देवाबरोबर आणखीही काही गेलेलं असतं, त्याचा विचार सावकाश करा. मंगळवारची आरती गेली म्हणजे गल्लीतल्या चार बायकांची भेट गेली. दिंडी सुटली म्हणजे तीस वर्षांचे सोबती सुटले. भजनी मंडळात तुम्ही पेटी वाजवत असाल तर न गाता नुसती पेटी वाजवायला जाता येतं का, हे बुवांना विचारून बघा. बहुतेक बुवा हो म्हणतील. नाहीच जाववलं तर आठवड्यातून एकदा माणसांत बसण्याची दुसरी जागा मुद्दाम शोधा, वाचनालय, शेतकरी गट, रक्तदानाचं शिबिर, काहीही. रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांची सोय केली. स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या. पण हे दुष्काळानंतर वीस वर्षांनी. पहिल्याच वर्षी 'दुःखाचं सोनं करा' म्हणून कुणी मागे लागलं तर त्याला खुशाल टाळा.

शेवटी सणांचं. मृत्यू झालेल्या घरात वर्षभर सण न करण्याची आपली रीत तुमच्या उपयोगाची आहे. गणपती भावाकडे बसतो, दिवाळीत कंदील लागत नाही, आणि कुणी काही विचारत नाही. तुमची श्रद्धा उरली आहे की नाही, याचा खुलासा त्या वर्षात कुणाला द्यावा लागत नाही. अडचण वर्षश्राद्धानंतर येते. 'आता झालं की वर्ष, यंदा गणपती आपल्याकडे' असा फोन येतो. त्याची वाट बघत बसू नका. आषाढातच भावाला गाठा, 'यंदाही तुझ्याकडे बसव, मी जेवायला येईन, आरतीला थांबणार नाही' असं सांगा, आणि वर्गणीत तुमचा वाटा किती ते विचारून देऊन टाका.